लाल पाणी

मालू गव्हाणची. नवरा गेल्यावर ती पनवेलच्या खाडीकाठच्या पत्र्याच्या कारखान्यात लागली. तिथं लोखंडी पत्रे तेजाबाच्या टाकीत बुडवून गंज काढत. मालूचं काम प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुण्याचं. पण चार वर्षं तिथले केमिस्ट दयारामसाहेबांचा हात बघून ती त्यांचं कामही शिकली होती. टाकीतलं तेजाब पिपेटनं मापून चंबूत घ्यायचं, रंगाचे दोन थेंब टाकायचे, पाणी लालभडक होतं. मग वरच्या पन्नास रेघांच्या उभ्या नळीतून ठरलेल्या ताकदीचा सोडा थेंबथेंब सोडायचा. लाल जाऊन पिवळं झालं की तोटी बंद. जितका सोडा लागला, तितकं तेजाब जहाल. रोज नळी विसाव्या रेघेवर थांबे.

१९६१च्या मार्चमध्ये टाकीवर कामाला असलेला तिचा धाकटा भाऊ शिवा पायाखालची फळी मोडून टाकीत पडला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या पायांची कातडी सदऱ्यासारखी सोलून हातात आली. त्याची किंकाळी कोणालाच ऐकवेना. माणसं त्याला उचलून धावली, तेवढ्यात मुकादम काशीराम टाकीत पाण्याचा पाइप सोडायला ओरडू लागला. तेजाब रोजचं नव्हतं, म्हणून तो ते पातळ करतोय, हे मालूला तिथंच कळलं. तिनं पाइप लागायच्या आत बाटली बुडवली. तिची बोटं भाजली, पण बाटली भरली. ती तिनं प्रयोगशाळेत शुद्ध पाण्याच्या बाटल्यांच्या ओळीत ठेवून दिली.

शिवा तिसऱ्या दिवशी गेला. कारखान्यानं लिहून दिलं : तेजाब रोजचंच सौम्य होतं, गडी दारू पिऊन पडला.

चौकशीला सरकारी इन्स्पेक्टर यायच्या सकाळी काशीराम प्रयोगशाळेत शिरला; मालूनं बाटली भरल्याचं त्याला तेव्हाच कळलं होतं. दयारामसाहेब टेबलापाशी होते. ते भिंतीला टेकले.

"बाटली कुठं हाय?"

"कसली?"

त्यानं मालूचा अंबाडा धरला आणि तिचं तोंड मोरीच्या कडेवर आपटलं. दात हलले, रक्त आलं. त्यानं तिचा उजवा हात टेबलावर दाबला आणि लोखंडी पान्यानं बोटांवर घाव घातला. एक, दोन. हाडं मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला.

"सांग, नायतर दुसरा पन मोडतो!"

मालूनं डाव्या हातानं नळी धरायचा जड लोखंडी स्टँड उचलला आणि त्याच्या जबड्यावर हाणला. काच उडाली. तो गुडघ्यावर आला, तरी तिनं पुन्हा हाणला. शिवाच्या पायांची कातडी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिसरा घाव घालायच्या आत फाटकावरच्या माणसांनी तिला ओढलं.

इन्स्पेक्टर आले तेव्हा फरशीवर रक्त आणि काचा होत्या. मालूनं बाटली पुढं केली.

"मोजा. न्हायतर मी मोजते."

"ही टाकीतलीच, कशावरून?"

"मंग हा मानूस ती हुडकायला माजी बोटं का मोडत होता?"

इन्स्पेक्टरांनी मोजायची खूण केली. दयारामसाहेबांनी कपाटातून दुसरी नळी काढून मुकाट्यानं टेबलावर ठेवली. मालूनं डाव्या हातानं तोटी सोडली. चंबू लालच. विसावी रेघ गेली, लाल. नळी संपली, भरली, पुन्हा संपली. तीन नळ्या झाल्या. चौथीच्या दहाव्या रेघेवर पाणी पिवळं झालं. वीसच्या जागी एकशे साठ.

"आठ पट," इन्स्पेक्टर हळूच म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

काम उरकायची घाई म्हणून काशीरामनं ते कडक तेजाब ओतायला लावलं होतं, हे खटल्यात बाहेर आलं. त्याला दोन वर्षांची सजा झाली. जबडा फोडल्याबद्दल मालूलाही पंधरा दिवस आत राहावं लागलं. ते तिनं मान वर ठेवून काढले. सुटल्यावर ती गव्हाणला मिठागरात कामाला गेली. उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. फावडं ती डाव्या हातानं रेटायची.

पावसाळ्यानंतर दयारामसाहेब तिच्या दारी आले. तिनं त्यांना ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं.

"साहेब, त्या दिवशीचं तेजाब कडक हाय, तुमाला कवा कळलं?"

"सकाळीच. शिवा पडायच्या आधी मोजलं होतं. काशीरामला सांगितलंही. तो म्हणाला, तोंड मिटून बस."

मालूनं त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. पाणी अंगणात ओतलं.

"उठा," ती म्हणाली.