समितीसाठी आणलेल्या कुंड्या

विभागाच्या दारातल्या कुंड्या आज सकाळी टेम्पोत चढत होत्या. तपासणी समिती काल येऊन गेली, आता भाड्याने आणलेली झाडं परत नर्सरीत. नर्सरीवाला एकेक कुंडी लेकरासारखी जपून उचलत होता. मी पायरीवर उभा राहून बघत होतो.

चौतिसाव्या वर्षी मी एम. ए.ला आलो. मी स्वमग्न आहे, हे प्रवेश घेतानाच लिहून दिलं होतं. आमच्या वर्गातली एक ट्यूब सारखी फडफडते. इतरांच्या ते लक्षातही येत नाही; माझ्या डोक्यात मात्र ती सरांपेक्षा मोठ्याने बोलत राहते. मी दोन अर्ज दिले. सर म्हणाले, "अहो, एवढ्या-तेवढ्याकडे दुर्लक्ष करायला शिका. चार माणसांत वावरायचंय ना?" जणू चौतीस वर्षं मी जंगलात काढली होती.

परवा नवी ट्यूब लागली. अर्जामुळे नव्हे, समितीमुळे. काल सरांनी मला मुद्दाम पहिल्या बाकावर बसवलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे आमचे स्वमग्न विद्यार्थी." न विचारता कोणी हात लावला की माझं अंग आखडतं, हेही लिहून दिलेलंच होतं. समितीतल्या बाई कौतुकाने हसल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

टेम्पो गेल्यावर मी वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसलो. नवी ट्यूब सरांच्या केबिनमध्ये गेली होती आणि जुनी पुन्हा डोक्यावर फडफडत होती.

कुंड्यांना न्यायला निदान कोणीतरी आलं होतं.