सासूबाईंच्या अटीवर मांडूची धाव

परवा रविवारी मांडूला होते... आणि अजून हवेतच आहे! पोटऱ्या ठणकतायत, जिना उतरताना कठडा धरावा लागतोय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. मी देवासला शाळेत शिकवते, चाळिशी ओलांडली आहे आणि पळण्यात अगदी कच्ची. मागच्या वर्षी मांडूच्या याच पाच किलोमीटरच्या धावेत हौसेनं नाव दिलं होतं. शिट्टी वाजताच सुसाट सुटले... उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग! अर्ध्या वाटेत दम संपला, कडेला बसले आणि दमलेल्यांना गोळा करत मागून येणाऱ्या गाडीनं मला उचलून आणलं. गाडीतून उतरताना धावेला आलेल्या आमच्या शाळेच्या मुली टाळ्या वाजवत होत्या. बिचाऱ्या प्रेमानंच वाजवत होत्या हो, पण मला तोंड कुठे लपवू असं झालं.

म्हणून यंदा एकच हट्ट होता. नंबर नको, बक्षीस नको... फक्त त्या गाडीत बसायचं नाही.

दसऱ्यानंतर सकाळी सकाळी आमच्या देवासच्या देवीच्या टेकरीभोवतीच्या रस्त्यावर पळायला लागले. रोज जीव खाऊन पळायचे. गुडघा कुरकुरायला लागला, पण वेग काही तसूभर वाढेना.  खरं सांगते, सोडून द्यायच्या बेतात होते.

तशात एकदा सासूबाई फुलं घ्यायला टेकरीच्या पायथ्याशी आल्या होत्या आणि मी त्यांच्या समोरून धापा टाकत गेले. घरी आल्यावर अशी खरडपट्टी काढली म्हणता! त्यांचं म्हणणं, टेकरीवर देवी बसली आहे, तेव्हा टेकरीला घातलेली फेरी म्हणजे प्रदक्षिणाच. मग पायात बूट असोत की अंगात ट्रॅकपँट.

“दिवस भरलेली बाई डोक्यावर तेलाचा घडा घेऊन चालेल, तशी घालायची असते प्रदक्षिणा. आणि मुखात देवीचं नाव पाहिजे, मोठ्यानं. तू काय भूत मागे लागल्यासारखी पळतेस!”

मी म्हटलं, आई, पण हे रनिंग आहे. तर म्हणाल्या, “असेल. पण ती वरून बघतेय ना!”

 मैदान घरापासून लांब, बाकीच्या रस्त्यांवर कुत्री. टेकरी सोडायची म्हणजे पळणंच सोडायचं. निमूटपणे अट मान्य केली.

दुसऱ्या दिवसापासून ‘अंबे उदे, अंबे उदे’ म्हणत पळू लागले. धाप लागली की नाव तुटायचं... नाव तुटलं की वेग कमी करायचा. इतकी हळू, की काठी टेकत फिरणारे काकासुद्धा पुढे निघून जायचे. आमचे हे रोज पोहे खाता खाता मला ‘भाऊ’ करून इथल्या हिंदीत विचारायचे, “क्या भिया, टेकरी पूरी हुई, के बाकी कल?”

पण गंमत बघा... धाप लागत नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी परत जावंसं वाटायला लागलं! गुडघा गप्प झाला. एका फेरीच्या दोन झाल्या. फक्त रविवारी मैदानावर जायचे, तिथे देवीची अट नाही. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जोरात पळायचं, मग दम खात चालायचं, मग पुन्हा जोरात.

आणि एका सकाळी लक्षात आलं... नाव चालू आहे, कुठेही तुटत नाहीये, आणि काका केव्हाच मागे पडलेत! अरे बाप रे, त्या दिवशी मी वर्गात पाढेसुद्धा नाचत शिकवले असते.

तर आता मांडू. शनिवारी धारला मुक्काम केला आणि पहाटे वर पोचलो. शिट्टी वाजली, सगळे सुटले. मी मात्र आपली ‘अंबे उदे’ म्हणत हळूहळू... बघता बघता सगळ्यांच्या मागे पडले. सगळ्यांच्या म्हणजे अगदी सगळ्यांच्या! आणि ती गाडी घुरघुरत पाठीशी आली. ड्रायव्हर भला माणूस, खिडकीतून म्हणतो, “दीदी, बैठ जाओ, शरम कैसी!”

 नाव तुटलं. वाटलं, झालं, यंदाही फजितीच... आता जीव खाऊन पळावं. पाय निघालेसुद्धा होते. पण कसंबसं आवरलं आणि पुन्हा नाव धरलं.

अर्धी वाट सरली आणि चढ लागला. बघते तर काय, सुसाट गेलेली मंडळी कमरेवर हात ठेवून उभी! एकाला मागे टाकलं, मग दोघींना, मग घोळकाच्या घोळका. मागे गाडी कुणासाठी तरी थांबली आणि तिचा आवाज ऐकू येईनासा झाला. माझा जीव भांड्यात पडला.

शेवटचं वळण आलं तेव्हा कळलं, माझ्याकडे दम शिल्लक आहे! जन्मात पहिल्यांदा! मग नाव सोडलं आणि जी पळाले... ओढणी कुठे, चष्मा कुठे, कशाचा पत्ता नव्हता.

पोचल्या पोचल्या घरी फोन लावला. आईंनी नंबर विचारला नाही की वेळ विचारली नाही. “गाडीत नाही ना आलीस?” एवढंच. मी म्हटलं, नाही हो आई, माझ्या पायांनी आले. पलीकडून फोन तसाच धरून शेजारच्या भाभींना हाक मारलेली ऐकू आली, “अरे सुनती हो? हमारी सून पूरा दौड़के आई है, पूरा!”

मी तिथेच मांडी घालून बसले आणि चांगली मोठ्यानं रडले.

तोंडावर म्हणायला काही जमायचं नाही, आणि त्या फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे लिहिते... आई, तुमच्यामुळे पोचले हो.