आडनाव सांग

नवा माणूस भेटला की आधी आडनाव विचारायचं, ही माझी जुनी खोड. जबलपुरात आम्ही मराठी माणसं मूठभर. आडनाव कळलं की गाव निघतं, नातं निघतं. कारखान्यातल्या नोकरीत मी असे कितीतरी लांबचे मामा शोधून काढले.

आमच्या राइट टाउनच्या घरात वरच्या खोलीत आयव्हरी कोस्टचा एक विद्यार्थी भाड्याने राहतो. घरची कोकोची बाग, म्हणून शेतकी शिकायला आलेला. वर नमाज पढतो, खाली येऊन बायकोच्या हातचं पिठलं खातो. तिकडे निवडणुकीवरून जाळपोळ सुरू झाली आणि गावी एकट्या असलेल्या त्याच्या आईचा फोन लागेना. चार दिवस पोरगा धड जेवला नाही. बायको म्हणाली, "चला, तिच्या नावानं नर्मदामाईत दिवा सोडू." आमचं मन राखायला तो आला.

ग्वारीघाटावर पंडितजींनी संकल्पासाठी विचारलं, "माताजी का नाम? गोत्र?" त्याने आईचं नुसतं नाव सांगितलं. गोत्र बिचारा कुठून आणणार! मला मात्र धीर नाही. मी आवाज चढवला, "अरे भई, सरनेम तो बता!"

त्याचे दोन्ही हात एकदम खांद्यापर्यंत वर गेले.

"काहून ओरडून राहिले त्याच्यावर?" बायको माझ्यावर खेकसली. तिने त्याचे हात धरून खाली आणले, त्याला पायरीवर बसवलं.

मग तो मोडक्या हिंदीत बोलला. तो सात-आठ वर्षांचा असताना तिकडे अशीच निवडणूक बिघडली होती. रस्त्यात ओंडके टाकून बंदूकवाले गाड्या अडवत आणि प्रत्येकाला आडनाव विचारत. त्यावरून कळायचं, माणूस उत्तरेचा की दक्षिणेचा, मशिदीतला की चर्चमधला. ट्रकमध्ये कोकोच्या पोत्यांवर ह्याला घेऊन बसलेल्या बापाने खरं आडनाव सांगितलं. बापाला उतरवून झाडीत नेलं, तो परत आला नाही. गळ्यात क्रूस असलेल्या एका अनोळखी बाईने "हा माझा मुलगा" म्हणून सांगितलं, म्हणून हा वाचला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नातं शोधायला विचारतो, असं मी आजवर म्हणत आलो. पण कुणाला घरात घ्यायचं आणि कुणाला ओट्यावरच पाणी द्यायचं, हेही मी आडनाव ऐकूनच ठरवत होतो.

दोन दिवसांनी दुपारी फोन लागला. आई सुखरूप होती, बहिणीच्या गावी पोचली होती. आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून तो त्यांच्या भाषेत बोलत होता, रडत होता, हसत होता. मध्येच त्याने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने काहीतरी उत्तर दिलं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "क्या बोली माँ?"

"पूछ रही थी, वहाँ कोई सरनेम तो नहीं पूछता?"

"और तू?"

"मैंने बोला, कोई नहीं पूछता."