लोणारच्या पाण्याचे सात आकडे

पहिल्या वर्षी परदेशातल्या सगळ्या विद्यापीठांनी मला रसायनशास्त्राच्या पीएचडीसाठी नकार दिला. मी पुन्हा अर्ज भरायला बसले तेव्हा आई म्हणाली, "काऊन पुन्हा भरून राह्यली?"

"मले शिकाचं हाये."

या वेळी मोठमोठे शब्द काढून टाकले आणि आमच्या बीबी गावाहून लोणारला जाऊन सरोवराच्या पाण्याची क्षारता कशी मोजली, तेवढंच लिहिलं. व्हिडिओवरच्या मुलाखतीत प्राध्यापिकेने विचारलं, "मोठी यंत्रं नसताना या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा?"

"थेंब थेंब मोजून सोडायची काचेची नळी, ब्युरेट होती. सात वेळा मोजलं," म्हणत मी प्रयोगवही कॅमेऱ्यासमोर धरली. चौथा आकडा चुकला होता, तोही मी खोडला नव्हता. त्या बराच वेळ वाचत राहिल्या.

महिन्याभराने त्यांच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं. आई म्हणाली, "आता स्वेटर घ्या लागते तुले."