समाधी आधीच बांधली

माझा धाकटा भाऊ कवठे महांकाळच्या पुढच्या एका लिंगायत मठाचा स्वामी होता. गादीवर बसला त्या दिवसापासून आईसुद्धा त्याच्या पाया पडायची आणि तो नजर दुसरीकडं वळवायचा. मी पलूसहून भाकरी बांधून न्यायचे. लोकांसमोर ‘स्वामीजी’ म्हणायचे, दार लोटलं की ‘बाळ’.

गेल्या उन्हाळ्यात गेले, तर मठामागं चिंचेखाली चौकोनी खड्डा. एक म्हातारा मुसलमान गवंडी आतून घडीव दगड बसवत होता. मला वाटलं पाण्याची टाकी असेल.

“टाकी न्हाई ताई,” तो हळू आवाजात म्हणाला. “स्वामींची समाधी हाय. त्यास्नी खाली बसवून मापं घेतली. विश्वस्त लय घाई करत्यात.”

आमच्यात बसवूनच पुरतात. पण भावाला अजून पन्नाशीही गाठायची होती, आणि तो ठणठणीत होता.

थोरल्या विश्वस्तांना विचारलं. “आवं, रीतच हाय ती,” ते हसून म्हणाले.

खोलीत भाऊ माझ्या भाकरीवर तुटून पडला. मठातलं ताट तसंच झाकून ठेवलेलं.

“थोरले विश्वस्त त्यांच्या पुतण्याला वारस नेमा म्हणत्यात,” तो म्हणाला. “मी न्हाई म्हटलं. दुसऱ्या दिवशी खणायला लागले.”

“मग घरी चल की.”

“भगवं उतरवून? तुझ्या पोरांनी काय म्हणायचं मला? मामा?” तो हसला. मग ताटाकडं बघत म्हणाला, “दुपारचा जाऊन बसतो गं आक्का त्यात. आत लय गार हाय.”

मी त्याचा हात धरून ओढला. तो उठला नाही.

श्रावणात मठातून फोन आला. झोपेतच गेले, हृदय बंद पडलं, म्हणाले. आम्ही पोचलो तेव्हा वरचा दगड बसवून झाला होता. फुलंही वाहिली होती. आईनं तोंड तरी बघू द्या म्हणून हात जोडले. आता उघडता येत नाही, एवढंच उत्तर मिळालं.

गादीवर तो पुतण्या बसला होता, कपाळभर विभूती लावून. आई त्याच्या पाया पडली. मी दारातच उभी राहिले.

“आक्का, परसाद घेऊन जावा,” तो म्हणाला.

ताट माझ्यासमोर आलं. मी आईचा दंड धरला आणि तिला घेऊन बाहेर पडले.