कोटांमागचे आजोबा

आमचे हे शिंपी. गिऱ्हाइकाशी मोजून चार शब्द बोलतील, पण लांब राहणाऱ्या नातीचा व्हिडिओ कॉल आला की गळ्यात टेप तशीच ठेवून लपाछपी खेळतात. हे लपतात, मी फोन धरून दुकानभर हिंडते आणि नात तिकडून हुकूम सोडते, "आजी, टेबलाखाली बघ!"

काल हे टांगलेल्या कोटांमागे शिरले आणि नेमका कॉल कट झाला.

"अहो, या बाहेर. फोन बंद पडलाय. गुडघ्यांची तरी कीव करा!"

कोटांमागून दबका आवाज आला, "हळू बोल गं. ती परत लावेल. तेव्हा मी लपलेलाच हवा."

मी कपाळाला हात लावला, आणि टेबलफॅन तेवढा कोटांकडे वळवला.