जेद्दाहचा शून्य

शहागंजात मोहियोद्दीनचाचांचा एसटीडी बूथ आहे. जालन्यापलीकडे ते कधी गेले नाहीत, पण वीस-पंचवीस देशांचे कोड त्यांना पाठ आहेत. मी थक्क होऊन ऐकत बसतो.

काल जैतुनबी आल्या. सुनेला मुलगी झाली होती. जेद्दाहला असलेल्या मुलाला त्या तीन दिवस घराजवळच्या बूथवरून फोन करत होत्या, पण लागत नव्हता. चाचांनी नंबरची चिठ्ठी पाहिली.

"बी, नंबराच्या आधीचा हा शून्य तिथल्या लोकांसाठी. बाहेरून येणाऱ्यानं तो चपलेसारखा दारात सोडायचा."

चाचांनी सौदीचा कोड ९६६ फिरवून शून्याशिवाय नंबर लावला. लगेच लागला.

"तीन दिवस झाले, बहिरा झालास का रं?" जैतुनबींनी मुलाला झाडायला सुरुवात केली. मुलगी झाल्याची बातमी राहूनच गेली. शेवटी चाचांनीच रिसीव्हर घेऊन त्याला मुबारकबाद दिली.